घरच्या वर्कशॉपमध्ये गंज पुन्हा पुन्हा येतोय? पॉलिश पेपर उचलण्याआधी डाग वाचा

घासलं, तेलाचा हात फिरवला, लेथचा (धातू फिरवून कापायच्या यंत्राचा) बेड, म्हणजे खालचा गुळगुळीत पाया, आरशासारखा झाला. तीन आठवड्यांनी झाकण उचललं तर पुन्हा तोच तपकिरी डाग, बहुतेक वेळा त्याच जागी. घरी धातूकाम करणाऱ्यांकडून मी ही तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे, आणि स्वतःच्या शेडसकट इतक्या ठिकाणी निस्तरली आहे, की आता कुणाच्या वर्कशॉपमध्ये शिरलो की आधी यंत्राकडे बघतच नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर कोणत्या बाटल्या आहेत ते बघतो. का ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट ठरवून टाका: गंज काढणं हा उपाय नाही, ती साफसफाई आहे. पाणी किंवा मीठ कुठून येतंय ते सापडेपर्यंत तुम्ही दर महिन्याला तोच डाग पुसत राहणार, आणि दर वेळी यंत्राची थोडी थोडी कातडी सोलत राहणार.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते पाहा. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

- बोटांच्या ठशासारखा गंज. सरफेस प्लेट (सपाटी तपासायची पाटी), व्हर्नियर (मोजायचा कॅलिपर), ताजे घासलेले जॉब (बनवत असलेले भाग) यांच्यावर.
- एखाद्या वस्तूखाली तिच्याच आकाराचा डाग: पुठ्ठ्याचा चौकोन, चिंधीची वीण, चकच्या (लेथवर जॉब धरणाऱ्या गोल पकडीच्या) कडेचा गोल.
- एकाच कपाटातली हत्यारं गंजतात, हातभर अंतरावर उघड्यावर टांगलेली मात्र स्वच्छ.
- यंत्राच्या एकाच अंगाला, वर तोंड असलेल्या भागांवर खसखशीएवढे ठिपके.
- जड लोखंडावर एका रात्रीत आलेला पातळ, सारखा, भगवा थर. पाने-पकडी ठीक, पण लेथ आणि ऐरण भगवी.
- गंज काढल्यावर दुसऱ्याच दिवशी तो परत, आधीपेक्षा जास्त भगवा.
- व्हाइसखाली (जॉब आवळून धरणाऱ्या शिकंज्याखाली) आणि टी-स्लॉटमध्ये (यंत्राच्या टेबलातल्या बोल्ट बसवायच्या खाचांमध्ये) काळपट चट्टे.
- जमिनीपासून गुडघ्यापर्यंत गंज, त्यावर काही नाही.

ही एकाच रोगाची लक्षणं नाहीत. 'हवा दमट आहे हो आमच्याकडे' म्हणून सगळ्याला एकच औषध द्यायला गेलं की पैसे डिह्युमिडिफायरवर (हवा वाळवणाऱ्या यंत्रावर) जातात आणि डाग तिथेच राहतो.

काहीही पुसण्याआधी: साक्षीदार पट्ट्या

ही युक्ती फुकटची आहे आणि निम्मं निदान हीच करते. माइल्ड स्टीलच्या पट्टीचे बोटभर लांबीचे सहा-सात तुकडे कापा. पॉलिश पेपरनं पांढरे करा, थिनरनं पुसा आणि त्यानंतर उघड्या हातानं शिवू नका, चिमट्यानं उचला. एक लेथवर, एक हत्यारांच्या कपाटात, एक जमिनीलगत, एक छताजवळच्या फळीवर, एक ग्राइंडरच्या शेजारी आणि एक घरात, वर्कशॉपच्या बाहेर ठेवा. प्रत्येकावर मार्करनं जागा लिहा. तेल लावायचं नाही.

आठवड्यानं सगळे तुकडे एका पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडा. सगळेच सारखे भगवे झाले असतील तर दोष हवेचा. एकच काळवंडला आणि बाकीचे पांढरे असतील, तर दोष त्या जागेचा. सगळे पांढरे आणि हत्यारं मात्र गंजतायत, तर दोष तुमच्या हाताळण्याचा किंवा साफ करण्याच्या पद्धतीचा. यातलं कुठलं ते कळलं की पुढच्या निम्म्या तपासण्या गळून पडतात.

१. हात

सगळ्यात स्वस्त तपासणी. घामात मीठ असतं, आणि साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून विरघळतं. म्हणजे ठशाच्या रेषांवर सूक्ष्म खारं पाणी साचतं, बाकी पृष्ठभाग कोरडा असला तरी. काहींच्या हातांना हे फार होतं, काहींना जवळजवळ नाही. माझ्या सरफेस प्लेटवर एकदा चार बोटं आणि एक अंगठा इतके स्वच्छ उमटले होते की कोण टेकून उभं राहिलं होतं ते मी सांगू शकलो असतो.

काम संपलं की मोजमापाची साधनं तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवायची, एवढंच. पण फडकं घाम पुसायचं नको. त्याच फडक्यानं कपाळ पुसलं असेल तर तुम्ही मीठच सारवताय. मायक्रोमीटर ठेवताना दोन्ही तोंडं एकमेकांना टेकवू नका, बारीक फट ठेवा. टेकलेल्या पृष्ठभागांमध्ये ओल अडकते आणि गंज नेमका मोजणाऱ्या तोंडावर येतो.

२. हत्यार कशाला टेकलंय, कशात गुंडाळलंय

पुठ्ठा, वर्तमानपत्र, स्पंज, चामडं, ताजं प्लायवूड. वर्कशॉप 'व्यवस्थित' लावायच्या नादात आपण हत्यारांना गादी करून देतो आणि तीच त्यांना खाते. पुठ्ठा आणि स्पंज ओल धरून ठेवतात. चामड्यात कमावताना वापरलेले क्षार राहिलेले असतात, म्हणून कंपास किंवा छिन्न्या चामडी पाकिटात कायम ठेवू नयेत. ओकसारखं लाकूड आणि नवं एमडीएफ ॲसेटिक व फॉर्मिक आम्लाची वाफ सोडतात. उघड्या फळीवर ती उडून जाते, बंद खणात साठते.

खणात नुसता पत्रा आणि त्यावर तेलकट, पातळ रबर चटई असली की झालं. बाहेरच्या भिंतीवर हत्यारांचा बोर्ड लावला असेल तर तो भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे घ्या, मागून हवा फिरू दे.

कानशींचं वेगळं. त्यांना तेल लावलं की त्या जॉबवर घसरतात आणि कीस दातांत भरतो. कोरड्या ठेवा, गंजरोधक वाफ सोडणाऱ्या व्हीसीआय कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात. हा कागद फक्त बंद जागेत काम करतो. उघड्या फळीवर अंथरलेला व्हीसीआय कागद म्हणजे महागडं वर्तमानपत्र.

३. बाटल्या

आता ती कपाटावरची फळी. एका ओळखीच्या गृहस्थांच्या कपाटात टॅप-डायचा (आटे पाडायच्या हत्यारांचा) संच दोन महिन्यांत तपकिरी व्हायचा. नवा आणला, तोही गेला. कपाट कोरडं, दार घट्ट बसणारं, आत सिलिका जेलच्या पुड्या. मी तीनदा जाऊन आलो आणि तीनदा हवेलाच दोष दिला. चौथ्यांदा साक्षीदार पट्ट्या ठेवल्या. कपाटातली पट्टी दोन दिवसांत गेली, कपाटाच्या डोक्यावरची आठवडाभर पांढरी. मग सगळं बाहेर काढलं. मागच्या कोपऱ्यात ब्रेझिंगच्या (पितळेनं सांधायच्या) कांड्यांमागे अर्धी बाटली हायड्रोक्लोरिक ॲसिड, झाकण हातानं जमेल तेवढं घट्ट. झाकणाभोवती पांढरट कड धरली होती आणि फळीच्या पत्र्याचा रंग बाटलीच्या बुडाएवढ्या गोलात फुगला होता.

हायड्रोजन क्लोराइड हा मुळात वायू आहे. आम्लातून तो सतत सुटतो आणि प्लॅस्टिकच्या साध्या झाकणाला जुमानत नाही. कपाट जितकं घट्ट, तितकं वाईट. हाच गुण ब्लीचचा, पूलमध्ये टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्यांचा, सर्किट बोर्ड खोदायच्या फेरिक क्लोराइडचा आणि सोल्डरिंगच्या झिंक क्लोराइड फ्लक्सचा (सांधा साफ करायच्या रसायनाचा). फ्लक्स लावलेला ब्रश तसाच खणात टाकला असेल तर तो एकटा पुरतो.

या सगळ्या बाटल्या वर्कशॉपमधून बाहेर काढा. दुसऱ्या कपाटात नको, दुसऱ्या जागी ठेवा, सावलीत, मुलांच्या हाताला न लागणाऱ्या. आम्ल आणि ब्लीच शेजारी शेजारी तर अजिबात नको. ते एकत्र सांडले तर क्लोरीन वायू होतो. नंतर कपाट आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं, मग कोरडं करा. हे पुसणं टाळलं तर बाटली गेल्यावरही दोन महिने गंज येत राहतो आणि तुम्ही मला खोटं ठरवता.

याच फळीवर कधी ओल शोषणारा पांढऱ्या खड्यांचा डबा दिसतो, खाली पाणी साठणारा. त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं आणि साठतं ते पाणी नाही, कडक खारं द्रावण असतं. डबा कलंडला की खालच्या खणातली हत्यारं संपली. कपड्यांच्या कपाटात ठीक, हत्यारांच्या नाही.

४. ग्राइंडरची दिशा

खसखशीएवढे ठिपके एकाच अंगाला असतील तर अँगल ग्राइंडर कुठे चालवता ते बघा. ठिणगी म्हणजे जळता लोखंडी कण. तो लेथच्या रंगावर, बेडवर, स्टेनलेसच्या पत्र्यावरही चिकटतो आणि गंजतो तो कण. ओल्या बोटानं डाग पुसल्यावर खाली पृष्ठभाग शाबूत दिसला तर निदान पक्कं. ग्राइंडर दाराजवळ न्या, ठिणग्या बाहेर पडतील असं त्याचं तोंड फिरवा, बाहेर वाळलेलं गवत किंवा चिंध्या नाहीत ना तेवढं बघून. मध्ये पत्र्याचा आडोसाही पुरतो. स्टेनलेससाठी स्टेनलेसचाच तारेचा ब्रश, तोही वेगळा ठेवलेला.

५. गंज तुम्हीच पेरताय का

'काढला आणि दुसऱ्या दिवशी आणखी आला' ही तक्रार घेऊन येणाऱ्यानं जवळजवळ नेहमी व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड किंवा हायड्रोक्लोरिक वापरलेलं असतं. आम्ल गंज विरघळवतं, आणि खाली उरतं अगदी उघडं, तेलाचा अंशही नसलेलं लोखंड, खड्ड्यांमध्ये आम्लाचे थेंब धरून बसलेलं. ते काही तासांत भगवं होतं. मी स्वतः कानशींचा एक आख्खा जुडगा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून, नळाखाली धुऊन, उन्हात वाळवून असाच घालवला आहे.

सायट्रिक ॲसिड मी अजूनही वापरतो, पाच ते दहा टक्क्यांचं, म्हणजे एक लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम. पण काढल्या काढल्या ब्रशनं घासून धुवायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटं, मग हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यातून काढायचं. गरम लोखंड स्वतःच्या उष्णतेनं मिनिटभरात वाळतं, आणि ते कोमट असतानाच तेल लावायचं. यातली 'कोमट असतानाच' ही पायरी लोक गाळतात. कडक केलेल्या स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट आम्लात घालू नका. त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतात.

विजेनं गंज काढत असाल तर ॲनोडला (धन टोकाला) स्टेनलेस लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि ते काम उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो.

आणखी एक. घासून स्वच्छ केलेला डाग नेमका त्याच जागी परत येत असेल तर खड्ड्याच्या तळाशी क्लोराइड उरलेलं असतं. कितीही घासा, ते खाली ढकललं जातं. छोटी वस्तू धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात काही दिवस बुडवून, रोज पाणी बदलून ते निघतं.

६. तेल

कोणतं तेल, हा प्रश्न लोक पहिला विचारतात. माझ्या यादीत तो सहावा. डब्ल्यूडी-४० च्या नावातच त्याचं काम आहे: पाणी हटवणं, आणि १९५३ साली चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. ओला जॉब कोरडा करायला मी तेच घेतो. पण त्याचा मोठा भाग उडून जातो आणि मागे पातळ थर उरतो, म्हणून महिनोन् महिने पडून राहणाऱ्या गोष्टींवर त्याच्या भरवशावर राहू नका. रोज वापरायच्या बेडला स्लाइडवेचं (सरकत्या पृष्ठभागांसाठीचं) तेल, क्वचित वापरायच्या हत्यारांना मेणाचा किंवा लॅनोलिनचा थर. खाद्यतेल नको, ते हवेत चिकट होऊन वार्निशासारखं बसतं आणि स्लाइड जाम होते.

तेल पुसलेल्या चिंध्या, विशेषतः जवसाच्या तेलाच्या, गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात टाका किंवा पसरून वाळवा.

एका जागी मात्र तेलाचं फडकं न्यायचंच नाही: ऑक्सिजन सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि त्यांच्या जोडण्या. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आग लागते. तिथे गंज दिसला तर हात न लावता सिलिंडर पुरवठादाराला परत.

७. कूलंट आणि कंप्रेसर

व्हाइसखालचे काळे चट्टे म्हणजे कूलंट, कापताना जॉबवर सोडायचं तेल-पाणी. पाण्यात मिसळायचं तेल साधारण पाच ते आठ टक्के असावं लागतं, नेमका आकडा डब्यावर असतो. कमी पडलं नुसतं पाणी ओतलं, पुन्हा कमी पडलं पुन्हा ओतलं, असं करत ते पातळ होतं आणि आंबतं. वास आला की समजा. रिफ्रॅक्टोमीटर (तेलाचं प्रमाण दाखवणारं उपकरण) नसेल तर हे करा: कास्ट आयर्नचा ताजा, कोरडा कीस पांढऱ्या फिल्टर पेपरवर पसरा, कूलंटनं भिजवा, झाकून दोन तास ठेवा, कीस झटका. कागदावर तपकिरी ठिपके उमटले तर ते कूलंट बदला. आणि रात्री व्हाइस उचलून खालून पुसा. व्हाइस कायम जागेवर ठेवणाऱ्यांचं टेबल खालून काय दिसतं ते त्यांनाही माहीत नसतं.

कंप्रेसरची टाकी खालच्या कॉकमधून रोज रिकामी करता का? नसाल तर कीस उडवताना तुम्ही यंत्राच्या फटीफटीत पाणी मारताय. आरशावर दहा सेकंद हवा मारून बघा, धुकं दिसलं की कळेल. टाकीतून निघणारं पाणी कोणत्या रंगाचं आहे तेही बघून ठेवा, त्याबद्दल शेवटी बोलू.

८. यंत्राला फुटणारा घाम

आता मुख्य चोर. जड लोखंड एका रात्रीत सारखं भगवं होतं, पाऊस नाही, छत गळत नाही, तरी.

लेथ आणि ऐरण रात्री थंड होतात आणि वस्तुमान मोठं असल्यानं दुपारपर्यंत थंडच राहतात. सकाळी तुम्ही दार उघडता, बाहेरची उबदार, दमट हवा आत येते. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी थेंब होऊन साचतं तो, २६ अंशांच्या आसपास असतो. तुमचा बेड २४ अंशांवर असेल तर त्यावर दव पडणारच, थंड पाण्याच्या तांब्यावर पडतं तसं. दहा वाजता बेडवर तळहात फिरवला तर ओला लागतो, आणि बारा वाजेपर्यंत वाळून गेलेला असतो. म्हणून हा चोर सापडत नाही. मी माझ्या शेडमध्ये हे पकडलं ते चष्म्यामुळे: सकाळी बेडवर विसरलेला चष्मा उचलून लावला तर काचा धुरकट होत्या.

तपासायला एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा मीटर) आणि एक तापमापी लागते. स्वस्त हायग्रोमीटर सर्रास खोटं बोलतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतके पाण्याचे थेंब टाका, हायग्रोमीटरसोबत घट्ट पिशवीत बारा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८१ आला तर तुमचा मीटर सहा जास्त दाखवतो, तेवढे वजा करत चला. बेडचं तापमान इन्फ्रारेड तापमापीनं घेणार असाल तर चकचकीत धातूवर थेट घेऊ नका, तो चुकीचा आकडा देतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा बेडवर चिकटवा आणि त्यावर मोजा.

स्वच्छ स्टील साधारण ६० टक्के आर्द्रतेपर्यंत फार सावकाश गंजतं, त्याच्या वर वेग झपाट्यानं वाढतो. तेव्हा ५० च्या आसपास राहता आलं तर उत्तम, ६० च्या खाली तरी राहायचं.

उपाय स्वस्तापासून सांगतो. पहिला, सकाळी दार उघडू नका. 'हवा खेळती ठेवा' हा सल्ला इथे उलटा पडतो. बाहेरची हवा लोखंडाच्या तापमानाच्या मानानं कोरडी असेल तेव्हाच खेळती ठेवायची. दुसरा, आतलं पाणी कमी करा: तापलेलं लोखंड विझवायच्या पाण्याच्या बादलीला झाकण, ओला पोछा बाहेर, आणि धुराडं नसलेला गॅसचा हीटर बंद. एक किलो एलपीजी जळलं की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते, ती सगळी तुमच्या लेथवर बसायला मोकळी.

तिसरा, यंत्राला हवेपेक्षा थोडं उबदार ठेवा. २८ अंश आणि ८० टक्क्यांची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते, पाण्याचा एक थेंबही न काढता. लेथच्या स्टँडमध्ये किंवा कपाटाच्या तळाशी कपाटांसाठी बनवलेली बंद नळीची कमी वॅटची हीटर कांडी बसवा आणि वरून जाड सुती चादर घाला. उघडा बल्ब लावून चिंध्यांशेजारी सोडू नका. प्लॅस्टिकचं आवरण नको. खालून उघडं असलेलं प्लॅस्टिक जमिनीची ओल वर धरून ठेवतं आणि तंबूत लेथ उकडतो.

छोट्या हत्यारांसाठी रबर कड असलेला घट्ट डबा आणि सिलिका जेल. पुडी रंग बदलली की ११० ते १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. सुटणारी वाफ खाण्यात मिसळू नये म्हणून त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवा. निळा जेल असेल तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, हातात चोळू नका. केशरी जेल मिळाला तर तो घ्या.

डिह्युमिडिफायर मी शेवटी सांगतो, कारण फटी बुजवल्याशिवाय तो साऱ्या गावाची हवा वाळवत बसतो. थंड जागेत, साधारण १५ अंशांच्या खाली, कंप्रेसरवर चालणारा कमजोर पडतो. तिथे डेसिकंट (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणाऱ्या) प्रकारचा घ्या.

९. जमीन आणि भिंत

गुडघ्यापर्यंतचा गंज खालून येतो. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर चौकोन फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद लावा आणि एक दिवस थांबा. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला पाणी दिसलं किंवा फरशी गडद झाली तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या अंगाला पाणी दिसलं तर ते हवेतलं, मुद्दा आठ पुन्हा वाचा. भिंतीवरही हेच करा. जमिनीची ओल असेल तर यंत्र ठोकळ्यांवर उचला, फरशीवर जाड प्लॅस्टिक आणि त्यावर रबर चटई. हे तात्पुरतं आहे, पण यंत्र वाचतं.

कुठे थांबायचं

यंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात किंवा यंत्र सुरू करताच आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो: मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन. ओलीनं मोटरचं इन्सुलेशन गेलेलं असू शकतं किंवा अर्थिंगचा स्क्रू गंजून सुटलेला असतो. मोटर वाळवून पुन्हा लावून बघायचा मोह होतो, पण मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) मोजल्याशिवाय ती जोडायची नाही. पाण्यात बुडालेल्या मोटरचंही तेच.

भिंतीला लोणा लागून ओलीची रेघ कमरेपर्यंत चढत असेल, किंवा स्लॅबखाली गंजक्या सळया उघड्या पडून काँक्रीटचे पोपडे निघत असतील, तर पहिल्यासाठी वॉटरप्रूफिंगचा माणूस, दुसऱ्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर. दुसरं प्रकरण हत्यारांचं उरलेलं नसतं.

लेथच्या बेडवर नख अडकेल असे खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपर आणि ग्राइंडर दोन्ही खाली ठेवा. तेल आणि पितळी पट्टीनं सुटा गंज काढा, रॉकेलनं पुसा, तेल भरा. उथळ खड्ड्यांनी अचूकता फारशी जात नाही, उलट खड्ड्यांत तेल राहतं. आपण घासून केलेला खोलगट भाग मात्र प्रत्येक जॉबवर उमटतो. बेड खरंच गेला असेल तर स्क्रेपिंग किंवा गाइडवे ग्राइंडिंग करणाऱ्याकडेच.

उचलायच्या साखळ्या, हुक, शॅकल यांवर खड्डे पडले तर दुरुस्ती नाही, भंगार.

आणि कंप्रेसरची टाकी. कॉकमधून निघणारं पाणी दाट तपकिरी असेल, त्यात पापुद्रे येत असतील, किंवा बुडाला कुठे ओलसर ठिपका दिसत असेल, तर दाब सोडा, प्लग काढा आणि पुन्हा चालू करू नका. पिनहोलवर वेल्डिंगचा ठिपका देऊन काम भागवलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत. छिद्र जिथे दिसतं तिथला पत्रा आजूबाजूलाही पातळ झालेला असतो, वेल्डिंगनं तो आणखी कमकुवत होतो आणि टाकी दाबाखाली फाटते. दाबपात्रं तपासणाऱ्या माणसाकडून जाडी मोजून आणि पाण्याच्या दाबावर चाचणी करून घ्या. घरगुती छोटी टाकी असेल तर तो बहुधा बदलायलाच सांगेल. बदला, आणि जुन्या टाकीला ग्राइंडरनं मोठं भोक पाडूनच भंगारात द्या, म्हणजे ती कुणी पुन्हा जोडणार नाही.